मधे मोटर नाही

मार्चचा पहिला सोमवार, सकाळचे नऊ, दापोड्यातलं एक गोदाम. काम रॅकवरून माल काढायचं, पगार महिना सोळा हजार. हजर तिघे: चाचणी घेणाऱ्या मॅडम, मी आणि माझ्या जुन्या कापड कारखान्यातले एक चाचा. आमचे लूम भंगारात जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून घर बायकोच्या शिलाईवर चाललं होतं. हे माझं चौथं गोदाम. आधीच्या तिन्ही गोदामांनी बावन्न वय ऐकूनच नको म्हटलं होतं.

मॅडमनी माझ्या डाव्या हाताला कापडी पट्टा बांधला. त्यात दोन बारीक मोटरी होत्या, मोबाइलसारख्या थरथरणाऱ्या. एक मनगटाशी, एक कोपराखाली. मनगटाशी थरथरलं तर खालच्या फळीवरचा माल काढायचा, कोपराशी थरथरलं तर वरच्या. दोन्ही एकदम थरथरल्या की जागीच थांबायचं, मागून फोर्कलिफ्टची गाडी येतेय. चाचणीत चोवीस वेळा थरथर होणार, कुठे झाली ते कागदावर लिहायचं. वीस बरोबर आली तर काम.

तिसऱ्या खेपेला हाताच्या बरोबर मधोमध टिचकी बसली. मी तिथे चाचपून पाहिलं, नुसतं कापड. तरी 'मधे' लिहिलं. असं आठ वेळा झालं आणि आठही वेळा मी तेच लिहिलं. सोळा बरोबर, आठ चूक. चाचांचे तेवीस बरोबर.

"काका, मधे मोटरच नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"ते दिसतंय मॅडम. पण लागतं तिथेच."

चाचा हसले. "अरे मुकादम, हमको भी बीच में ही लगा. हमने 'दोनों' लिख दिया. मैडम पूछ रही हैं मशीन किधर है, तुम बता रहे हो खुजली किधर है."

मॅडमनाही हसू आलं. सगळ्यांनाच असं होतं, त्यांनी सांगितलं. दोन थरथरी सारख्या जोराच्या आणि एकाच वेळी आल्या की कातडीला एकच कळते, ती मधली. एक कमजोर असली तर टिचकी जोराच्या बाजूला सरकते. "पुन्हा घेते. मधे लागलं की 'दोन्ही' लिहा."

सव्वीस वर्षं मुकादम म्हणून मी कापडाच्या मीटरांची वही लिहिली, जेवढं निघालं तेवढंच लिहिलं. आता लागलं एक आणि लिहायचं दुसरं. पण पाचवं गोदाम शोधायची ताकद उरली नव्हती. बरं म्हटलं.

दुसऱ्या फेरीत अठराव्या खेपेला टिचकी मधे नाही, मनगटाकडे सरकून बसली. मनगट लिहावं तर उद्या कामावर मी खालच्या फळीला वाकणार आणि मागून गाडी येणार. पेन तसंच धरून बसलो. कारखान्यात शेजारचे दोन लूम एकदम हादरायला लागले की हात लावून कळायचं नाही बिघाड कुणात आहे. आम्ही एक बंद करून बघायचो.

"मॅडम, मनगटाची बंद करून कोपराची एकटी चालवता?"

त्यांनी चालवली. जेमतेम कळली. कोपराशी पट्टा सैल झाला होता. त्यांनी तो आवळला आणि ती खेप पुन्हा घेतली. टिचकी मधोमध. मी 'दोन्ही' लिहिलं. चोवीसपैकी चोवीस.

"अब ये मैडम को नौकरी सिखाएगा," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी लागली. शिफ्टच्या आधी मी दोन्ही मोटरी वेगवेगळ्या चालवून बघतो. दीड मिनिट जातं, सुपरवायझर कुरकुरतो. दिवसात पन्नास-साठ वेळा, जिथे काही नाही तिथे टिचकी बसते आणि मी थांबतो. घरी पट्टा नसतानाही ती बसते. मग घास हातातच राहतो.

"अहो, इथे कुठली गाडी येतेय? जेवा," बायको म्हणते.

पहिल्या महिन्याच्या सोळा हजारांतून पीएफचे अठराशे कापले गेले. चौदा हजार दोनशे बायकोच्या हातात दिले. तिने मोजले आणि आठवड्याच्या शेअर रिक्षासाठी वरचे दोनशे मला परत दिले.