ताईची एकटीची सही

ताई काविळीने गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते.

ताई चोरून केलेल्या गर्भपाताने गेली. आज चार वर्षं झाली.

परवा तिच्या मोठ्या मुलीने विचारलं, "मौसी, मम्मी को सच में पीलिया हुआ था?"

पोरगी आता कॉलेजात आहे. तिला खरं सांगितलं. मग तुमच्यापासून काय लपवायचं?

ताई आमच्या शहरातल्या गुढियारी भागात बायकांना शिवणकाम शिकवायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तरी मलाच "म्हातारे" म्हणायची. स्कूटी चालवताना मान मागे वळवून गप्पा.

"ताई, समोर पाह्य ना!"
"समोर काय आहे? रोजचाच तर रस्ता."

धाकटीच्या वेळी तिचं बीपी इतकं वाढलं होतं की मायलेकी वाचल्या हेच खूप. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती घाबरली.
"मले नाही जमणार आता. या दोघींले कोण पाहीन?"

दुसराच महिना होता. मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. तिने गर्भपाताच्या फॉर्मवर सही केली.

"पति का साइन लगेगा," काउंटरवरची बाई म्हणाली.

भाऊजी सुरतेला कामावर. सुट्टी मिळेना. फोनवर म्हणाले, "तुझ्या मनात आहे तसं कर." पण फोनवरचा होकार चालेना.

दुसऱ्या दवाखान्यात, "हम ये केस नहीं लेते." मेडिकलवाल्याने गोळ्यांचं नाव ऐकूनच हात जोडले.

सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. कायद्याने तिची एकटीची पुरते. हे मला नंतर कळलं. पोस्टात रोज लोकांचे फॉर्म तपासणारी मी, तिथे हा नियम कुठे लिहिलाय एवढंही विचारलं नाही.

असेच तीन आठवडे गेले. मग कोणीतरी बिरगावच्या एका बाईचं नाव सांगितलं. ताई मला न सांगता एकटीच जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी अंगात सणसणून ताप. माझा हात धरून म्हणाली, "कोणाले सांगू नको."

मी दोन दिवस नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तोवर इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "पहले क्यों नहीं लाए?"

ताई माझ्याकडे पाहून पुटपुटली, "काहून रडून राहिली? पोरी बाहेर आहेत."
त्यानंतर ती बोलली नाही.

तुमच्या ओळखीत कोणाला "नवऱ्याची सही आणा" म्हणून परत पाठवलं, तर मला फोन करा. मी सोबत येते, वाद घालते. आतापर्यंत दोघींसोबत गेले. दोघी बऱ्या आहेत.

मागच्या महिन्यात माझं प्रमोशन झालं. ऑर्डर हातात आली आणि मी सवयीने ताईचा नंबर लावला.

रिंग गेली.

"हैलो? कौन?"

नंबर आता दुसऱ्या कोणाचा तरी आहे. बाई ताईच्याच वयाची वाटली. मला रॉंग नंबर म्हणता आलं नाही, ठेवताही आलं नाही. ती हैलो, हैलो करत राहिली. मी ऐकत राहिले.

ताई, फार आठवण येते गं.

जिथे असशील तिथे सुखात राहा.