नाही म्हणायची नेमणूक

गेल्या हिवाळ्यात मी इथे ऑस्ट्रेलियात, कॅसल हिलला एका निवृत्त ब्रिगेडियरांकडे जायचे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओ. दिवसातलं शेवटचं घर त्यांचं. तोवर माझेच गुडघे बोलायला लागलेले असायचे.

एका संध्याकाळी ते वॉकर धरून उभे राहिले, पण पाऊल टाकेनात. थकलोय म्हणाले. थकले मीही होते, म्हटलं बसू या. माझे वडील फौजेत सुभेदार होते हे मी सहज बोलून गेले, तेव्हा ते पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले.

परदेशी पाठवलेल्या ऑस्ट्रेलियन फौजेचे ते प्रमुख होते. मला वाटलं, म्हणजे लढाई चालवायचे. तसं नव्हतं. रोजचे हुकूम मित्रदेशाचा जनरल द्यायचा. पहिल्या महायुद्धात इथली पोरं ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली गेली आणि ढिगाने मेली. पुढे सरकारने हट्ट धरला, की बाहेर जाणाऱ्या फौजेबरोबर आपलाही एक वरिष्ठ अधिकारी हवा. एखादं काम त्याला पटलं नाही तर तो आपली माणसं देणार नाही.

"त्यासाठीच ती नेमणूक," ते म्हणाले. "नाही म्हणायला."

असं 'नाही' ते एकदा म्हणाले होते. न तपासलेल्या रस्त्यावरून ट्रकांचा ताफा न्यायचा होता. त्यांनी माणसं दिली नाहीत, म्हणून दुसऱ्या एका छोट्या देशाची तुकडी गेली. वाटेत सुरुंग फुटला. त्यातले काही जण परतले नाहीत.

तुमचं चुकलं असं वाटतं का, मी विचारलं.

"नाही. आजही नाहीच म्हणेन. पण आमची मुलं परत आली तेव्हा त्यांच्या आया माझे हात धरून रडल्या. मला मात्र त्या दुसऱ्या आया दिसत राहिल्या."

मी चहा केला.

त्या छोट्या देशाची इथली मंडळी दरवर्षी आपल्या सैनिकांसाठी प्रार्थनासभा ठेवतात. इतर माजी अधिकाऱ्यांसारखं ब्रिगेडियरांनाही बोलावणं यायचं, ते जायचे नाहीत. यंदा काठीवर चालायला लागल्यावर त्यांनी मला विचारलं, नेशील का? रविवार होता, मला झोपायचं होतं. नेलं. ते पदकं न लावता मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांना कोणी ओळखलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर म्हणाले, आज व्यायाम नको. मी बरं म्हटलं आणि त्यांचे बूट काढून दिले.