दोनदा वारलेली मावशी

बसस्टँडवर एक काचेची खोली होती आणि त्या खोलीत बसून बाई अख्ख्या गावाला थांबायला लावायच्या. "काही तांत्रिक कारणामुळे गाडी उशिरा सुटेल. प्रवाशांनी सहकार्य करावे." तांत्रिक कारण म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हर चहाला गेलेला असायचा, नाहीतर त्याचं आणि कंडक्टरचं वाजलेलं असायचं. पण बाईंच्या आवाजाला असं वजन होतं, की भांडायला उठलेली माणसंसुद्धा मुकाट्याने पुन्हा सामानावर बूड टेकत. सगळे त्यांना घोषणाबाई म्हणत. दुकानात त्या नुसतं "पाव किलो" म्हणाल्या तरी शेजारचं गिऱ्हाईक मनगटावरचं घड्याळ बघायचं.

हाच आवाज त्यांनी घरासाठीही वापरला. त्यांचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. जमिनीखालचे पाइप कागदावर आणायचे, म्हणजे हात स्थिर हवा. हात स्थिर राहावा म्हणून त्याला सकाळीच दोन घोट लागत. दोनाची बाटली व्हायला वेळ लागत नसे. मग तो न्हाणीघरात नळ सोडून स्टुलावर बसून राही. बाई दार ठोठावत. आतून तो म्हणे, "आलो." आणि येत नसे. दारू होतीच, पण दारूच्या तळाशीही काहीतरी होतं. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणत आणि गोळ्या देत. तो म्हणे, "मला कुठे काय झालंय? नुसतं काही वाटत नाही, एवढंच." थोडे दिवस गोळ्या घ्यायचा, मग त्या टेबलाच्या खणात पडून राहायच्या.

अशा सकाळी बाई फोन उचलत. कचेरीत फोनवर हजेरी कारकून असे. संथ माणूस, बोलण्याआधी श्वास घेणारा.

"हे आज येणार नाहीत."

"बरं वहिनी. कारण?"

आधी ताप झाला, मग पोट, मग कंबर. शरीराचे अवयव संपल्यावर बाई नातेवाइकांकडे वळल्या. थोरल्या दिराला त्यांनी ट्रकखाली घातलं आणि त्याचा एक पाय काढायला लावला. सासूबाई खरोखरच वारलेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता. उरली नवऱ्याची एकुलती एक मावशी. तिला मारणं बाईंच्या अगदी जिवावर आलं, कारण मावशीने नुकताच त्यांना स्वतः विणलेला स्वेटर पाठवला होता. तो अंगात घालूनच त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी नवरा निघाला तेव्हा बाईंनी त्याला दारातच पढवलं. "मावशी वारल्या आहेत. जरा चेहरा पाडून जा."

"तो पडलेलाच आहे," नवरा म्हणाला आणि बूट घालू लागला.

पुढे एकदा घाईघाईत त्यांनी मावशीला पुन्हा मारलं. कारकुनाने नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला. "वहिनी, मावशी मागे गेल्या ना?"

"त्या थोरल्या. या धाकट्या."

"बरं."

एवढ्या लोणकढ्या थापा बाईंनी मारल्या त्या एकाच गोष्टीसाठी. कचेरीत त्याला कोणी बेवडा म्हणू नये. घरात तो कसा आहे ते त्यांना रोज दिसत होतं. जगात एखादी तरी जागा अशी असावी, जिथे तो नुसता नकाशेवाला असेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यासाठी सासरचं सगळं गणगोत संपवायची त्यांची तयारी होती.

शेवटी त्याच्या लिव्हरने हात टेकले. इस्पितळात दुपारी, डबे धुवायच्या वेळेला तो गेला. बाईंनी व्हरांड्यातूनच कचेरीत फोन लावला, कारण तो येणार नसला की त्या फोन लावतच असत.

"हे वारले," त्या म्हणाल्या.

"अरेरे," कारकून म्हणाला. "किती दिवसांची रजा लावू?"

"कायमचीच लावा."

"कायमची नियमात बसत नाही हो वहिनी." मग त्याला उमगलं. पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. बाईंना रडू येणार होतं, ते त्या रजेच्या प्रश्नाने आतच राहिलं. नंतरही ते बाहेर आलं नाही. त्या चादरी धुवायच्या, खण आवरायच्या, न्हाणीघराच्या दारावर सवयीने टकटक करायच्या आणि कोरड्या डोळ्यांनी आत जायच्या.

मग निरोप आला, की रविवारी साहेबांसकट सगळी कचेरी भेटायला येणार आहे. घरात थोरला दीर दोन्ही पायांवर धडधाकट फिरत होता आणि स्वयंपाकघरात दोनदा वारलेली मावशी भांडी विसळत होती. आता बिंग फुटणार आणि गेलेल्या माणसाची पाठीमागे दारुडा आणि थापाड्या म्हणून छीथू होणार, या भीतीने बाईंनी दिराला गाठलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "माणसं आली की जरा लंगडाल का?"

दिराने कारण विचारलं नाही. धाकट्या भावाला गटाराच्या कडेवरून उचलून आणणाऱ्या माणसाला फारसं काही विचारावं लागत नाही. "कुठल्या पायाने?" एवढंच तो म्हणाला. ते बाईंना आठवेना. मावशीला त्यांनी सांगितलं, की दगदग नको, आतच बसा.

कचेरी आली. चपलांचा ढीग पडला. पलंगावर, खुर्च्यांवर, शिवणयंत्राच्या झाकणावर माणसं बसली आणि जमिनीकडे बघू लागली. दीर पाण्याचे ग्लास घेऊन आला. येताना डाव्या पायाने लंगडला, जाताना उजव्या. नवऱ्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याने उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि पाय ठेवायला उशीसुद्धा. साहेबांनी त्या दोन्ही पायांकडे पाहिलं आणि सौजन्याने खिडकीबाहेर बघू लागले.

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"या शेजारच्या काकू," बाई आपल्या स्टँडवरच्या आवाजात म्हणाल्या.

"शेजारची?" मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. "अगं, मी सख्खी मावशी त्याची. आई आजारी असायची तेव्हा मीच सांभाळलाय त्याला."

साहेबांचा पाण्याचा ग्लास ओठांपाशीच थांबला. सगळ्यांच्या वतीने काहीतरी बोलायला हवं, म्हणून ते हळूच म्हणाले, "आपण पहिल्या मावशी की दुसऱ्या?"

"एकच आहे मी. का?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग हजेरी कारकुनाने श्वास घेतला.

"मावशी, तुमच्यासाठी आम्ही दोनदा उभे राहिलो होतो. दोन-दोन मिनिटं." तो बाईंकडे वळला. "वहिनी, वास काय लपतो होय? आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पण मावशी गेल्या म्हणून आम्ही उभे राहिलो, तेव्हा ते रडायला लागले. टेबलावर डोकं ठेवून, नकाशा भिजेपर्यंत. कोणी का म्हणून विचारलं नाही, मावशीच गेली होती ना. त्यानंतर बरेच दिवस ते छान होते. जेवायला आमच्यात बसायचे. म्हणून दुसऱ्यांदा मावशी गेल्या, तेव्हा साहेब म्हणाले, काही विचारू नका, उभे राहा."

"मी म्हणालो," साहेबांनी कबूल केलं.

बाईंनी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. घरात नळ वाहायचा. तो का वाहायचा, ते त्यांना आत्ता कळलं.

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. दोनदा मारली गेल्याचा राग तिच्या तोंडावर येऊ बघत होता, पण आला नाही. "माझ्यासाठी नसेल रडला तो," ती म्हणाली. "पण माझ्या नावावर रडला ना, मग चालेल. आणखी एकदा मारलं असतंत तरी चाललं असतं." दिराने पाय उशीवरून खाली घेतला.

सोमवारी बाई कामावर गेल्या. दहाच्या गाडीची घोषणा करायच्या आधी, नेहमीच्या वेळेला, हात आपोआप फोनकडे गेला. नंबर फिरवून झाल्यावर त्यांना आपण काय करतोय ते समजलं, पण तोवर पलीकडे श्वास ऐकू आला होता.

"हे आज येणार नाहीत," बाई म्हणाल्या.

पलीकडे हजेरीवही उघडल्याचा आवाज आला.

"बरं वहिनी. कारण?"

काचेबाहेर माणसं सामानावर बसून त्यांच्या आवाजाची वाट बघत होती. "दारू," बाई म्हणाल्या. "आणि मन फार खचलं होतं हो त्यांचं. मी सगळ्यांना थांबवते, त्यांना नाही थांबवू शकले." एवढं बोलून त्या रडल्या, हमसून हमसून, फोन कानाला तसाच धरून.

त्या थांबल्यावर कारकून म्हणाला, "लावली रजा. उद्याही फोन करा."