यात तुमचं काय?

"यात तुमचं काय हाय, मॅडम?"

देवळीकडच्या त्या काकांनी मला आधी बसायला खाट दिली, मग हा प्रश्न विचारला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुणचारात कसूर नाही, पण नजर आपल्या पिशवीवर.

शेतीसल्ला देणाऱ्या एका संस्थेत मी कामाला होते. कपाशीच्या मुलखात काका विहिरीच्या भरवशावर बटाटा लावत आणि सगळा युरिया लागवडीलाच टाकून मोकळे होत. मी सांगत होते, आता निम्माच टाका, उरलेला मातीची भर देताना. एकदम टाकलेला पिकाला पचत नाही. पाण्याबरोबर झिरपतो आणि विहिरीत उतरतो.

"म्हणजे कमी टाकाले सांगता. मंग विकता काय तुम्ही?"

"काहीच नाही."

"तेच त समजून नाई राह्यलं."

शेवटी प्रयोगाला मला चार ओळी मिळाल्या, बांधाजवळच्या, सगळ्यात हलक्या जमिनीतल्या. मी गुपचूप जास्तीचं खत टाकीन म्हणून काकांनी दुपारची खाट तिथंच हलवली. मी झाडं बघायला वाकले की तेही वाकत.

त्याच हिवाळ्यात त्यांची लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी आली. बाळ वरच्या दुधावर होतं आणि दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवत. खतातलं नायट्रेट पाण्यात फार असेल तर एवढ्या लहान जिवाला धोका असतो. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. मी घाबरले. "पाणी तपासून घेऊ," म्हटलं.

काकांनी मला बाटली भरू दिली नाही. स्वतः वर्ध्याला जाऊन दोन बाटल्या देऊन आले, एक विहिरीची, एक गावच्या नळाची. तिथं नावं मात्र मुद्दाम उलटी सांगितली, विहिरीची बाटली नळाची म्हणून.

प्रयोगशाळेतून फोन आला, "नळाचं पाणी बाळाला देऊ नका."

काकांनी विहिरीवरच्या बादलीचा दोर सोडून घरात ठेवला आणि सायकलला कॅन बांधून नळावर गेले. मला म्हणाले, "फसवाले गेलतो त्याईले. नाई फसले."

काढणीला माझ्या ओळींत बटाटा बाकीच्यांएवढाच निघाला. काकांनी दोन्ही ढीग चाचपून पाहिले.

"पुढच्या साली साऱ्या वावराले असंच देऊ."

"विहीर लगेच नाही सुधारायची, काका. वर्षं लागतील."

"लागू दे. मी हावो ना."

नंतरचे दोन हंगाम त्यांनी तसंच केलं. तिसऱ्याच्या आधी ते सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झाले. मी भेटायला गेले तेव्हा ते नर्सला रक्त काढू देत नव्हते. "एवढं रक्त नेऊन करता काय तुम्ही?" असं तिला विचारत होते. मला पाहून म्हणाले,

"पोरी, तू इथं उभी राह्य."

मी उशाशी उभी राहिले. काकांनी हात पुढे केला आणि नर्सचं काम होईपर्यंत भिंतीकडे बघत राहिले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.