सासूच्या पेटीतलं लुगडं

माझ्या सासूने मला फसवलं. एकदा नव्हे, तीनदा. भाईंदरच्या बाजारातल्या एकाही दुकानदाराला जे कधी जमलं नाही, ते सही करता न येणाऱ्या या बाईने घरात बसून केलं.

आमच्या उत्तनला म्हाताऱ्या बायका आपलं शेवटचं लुगडं जिवंतपणीच बाजूला काढून ठेवतात. नवंकोरं, घडी न मोडलेलं. पत्र्याच्या पेटीत तळाशी ते, त्यावर डांबराच्या गोळ्या आणि जपमाळ. बाई गेली की तिला आंघोळ घालून तेच नेसवायचं आणि मग चर्चमध्ये न्यायचं. हे लुगडं सुनेने विकत घेऊन द्यायचं असतं. त्यावरून गाव सुनेची पारख करतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरून माझ्याबरोबर काहीही आलं नव्हतं. आईबाप नव्हते, काकाने हात वर केले होते. सासूने त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं की हिला मी राणीसारखी पाठवीन.

नव्वद सालाच्या आसपास मी सुकट आणि सुके बोंबील टोपलीत घालून बसने भाईंदरला न्यायला लागले. तिथल्या इंद्रलोक वस्तीत इमारती उठत होत्या, मुंबईहून माणसं राहायला येत होती. "मावशी, फार वास मारतोय हो," म्हणत त्या बायका नाकाला पदर लावायच्या आणि दोन वाटे घ्यायच्या. हातात चार पैसे आल्यावर पहिली खरेदी मी सासूच्या लुगड्याची केली. लाल चौकड्यांचं, रुंद काठाचं. तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढं भारी? मी काय नवरी हाय गो?"

सहा महिन्यांनी तिने सांगितलं, लुगडं उंदराने कुरतडलं. घरात सुकी मासळी, तेव्हा उंदीर असणारच. माझा विश्वास बसला. मी तसंच दुसरं घ्यायला गेले.

"शेठ, पदराचा हा धागा बघा. सुटलाय."

"अरे मौसी, ये तो डिझाइन है."

"डिझाइन? मग दुसऱ्या कोपऱ्यात दाखवा की हीच डिझाइन!"

अर्धा तास भांडून मी भाव उतरवला आणि लुगडं घेऊन आले.

सासूचं गावात एक काम होतं. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण तेच तिचं काम होतं. अंथरुणाला खिळलेल्यांना फादर रविवारी घरी येऊन ख्रिस्तप्रसाद द्यायचे, म्हणून शनिवारी ही घरोघर जाऊन त्या सगळ्यांची नखं कापायची, कान पुसायची, केस विंचरायची. कुणी शिव्या घालायचं, एक म्हातारा तर चावायचा. ही हसायची. "दात दोनच हायत त्याला, चावून चावून किती चावंल?" आणि बाई मेली की आंघोळ घालायला हिलाच बोलावणं यायचं.

एकदा गावात एक म्हातारी गेली म्हणून मी टोपली लवकर आवरून परत आले. मयताच्या घरी प्रार्थना चालू होती. मी गुडघे टेकले, वर पाहिलं, तर म्हातारीच्या अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं. पदराच्या कोपऱ्यात सुटलेला धागा. माझा धागा! ज्याच्यासाठी मी घसा कोरडा केला होता तो! समोर फादर, हातात जपमाळ, ओरडायची सोय नाही. मी दात आवळून जपमाळेच्या प्रार्थनेतली पाचही रहस्यं पूर्ण केली.

संध्याकाळी अंगणात सासू वाळत घातलेले बोंबील काढत होती. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आय, पेटी उघड. लुगड्याला जरा ऊन दाखवू."

"त्याला बुरशी आली. जाळलं मी."

"कधी?"

"परवा."

"परवा जाळलेलं लुगडं आज चौघांच्या खांद्यावरून गेलं, आय. मी पाहिलं."

तिने बोंबील खाली ठेवले. मी म्हटलं, "आणि आधीचा तो उंदीर कोण होता?"

"मळ्यातली आंधळी," ती हळूच म्हणाली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारणी दारात आल्या. सासू मान खाली घालून ऐकत राहिली आणि माझा श्वास संपल्यावर म्हणाली, "आजच्या म्हातारीच्या पोराने तिला नेसवायला गोणपाट आणून दिलं होतं गो. दारू पितो तो. गोणपाटात पाठवू?"

"त्याची आई, त्याला लाज. तुला काय?"

तिने उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या क्रुसावरील येशूकडे बोट केलं. "त्याच्याकडं बग. अंगावर काय हाय? एवढंसं फडकं. कपडे होते तेपण वाटून घेतले लोकांनी. त्या वेळी कुनी नेसवायला गेलं न्हाय. आता मी जाते, तर तू भांडतेस."

मी तिसरं लुगडं आणलं. पण ते माझ्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

दोन वर्षं गेली. सासू थकली, तरी शनिवार चुकवेना. मग बांधकामावर आलेली एक बाई बाळंतपणात वारली. मराठवाड्याकडची, गावात भाड्याने खोली घेऊन राहणारी. सासू माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. "किल्ली दे."

"ती आपल्या चर्चची पण नाही, आय!"

"मेल्यावर कुनी कुनाच्या चर्चचं नसतं. लुगडं माजं हाय ना?"

"तुझ्यासाठी आहे."

"म्हंजे माजंच. मग मला दे."

आयुष्यभर सौदे केलेली मी त्या सरळ बोलण्यापुढे अडकले. फुकट मात्र सोडायचं नव्हतं. "देते. पण बदल्यात एक कबूल कर. मी चौथं आणेपर्यंत तू मरायचं नाहीस."

ती खळखळून हसली. टाळी दिली. "न्हाय मरत, जा!"

नऊ दिवसांनी पहाटे ती गेली. शब्द दिला आणि मोडला. मला तिसऱ्यांदा फसवलं ते असं.

चार वाजता चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीची मिस्सा होती. मी पहिल्या बसने भाईंदरला गेले. बाजाराच्या सुट्टीचा दिवस. शेठच्या दुकानाला कुलूप, आजूबाजूच्या सगळ्या दुकानांना कुलूप. मी शेठच्या घरी जाऊन दार वाजवलं, तर घरातले सगळे लग्नाला गेलेले. रिकाम्या हाताने परत आले.

आले तर सासूच्या खाटेच्या पायथ्याशी सात लुगडी. सात बायकांनी आपापल्या पेट्या उघडून आणलेली. रडत होत्या, एकमेकींवर कुरघोडीही करत होत्या. "माझं नेसव, माझ्या आईला तिने सांभाळलं." "नाही, माझं. माझ्या सासऱ्यांची नखं कोण कापायचं?" त्यांचं प्रेम खरं होतं, हे मी आजही म्हणते. पण ती सात लुगडी पाहून माझं डोकं फिरलं. कोरी, घडी न मोडलेली. वर्षानुवर्षं पेटीत पडलेली.

मी सातही जिची तिला परत दिली. सासूचं रोजचं लुगडं, काठाशी रफू केलेलं, मी स्वतःच्या हाताने धुतलं, वाऱ्यावर वाळवलं आणि तिला आंघोळ घालून नेसवलं. तिची नखंही मीच कापली. फादरांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि प्रार्थनेला सुरुवात केली. मला ती नेहमीसारखीच दिसली, शनिवारी घराबाहेर पडायची तशी.

तेव्हापासून गाव म्हणतं, एवढी धंदेवाली सून, सासूला कोरं लुगडं देऊ शकली नाही. बसमध्ये ऐकलंय, चर्चच्या पायरीवर ऐकलंय. तोंडावर कुणी बोलत नाही, माझं तोंड ठाऊक आहे म्हणून.

तर आज मी तोंड उघडते. आंधळी गेली तेव्हा तिच्या घराच्या एका हाकेवर तुमची घरं होती. दारुड्याच्या आईला नेसवायला गोणपाट आलं होतं, ते तुम्ही पाहिलं होतं. बांधकामावरची ती पोर तर तुमच्याच भाड्याच्या खोलीत मेली. तीनही वेळा तुमच्या पेट्यांत लुगडी होती. मग पेटी माझ्या सासूची एकटीचीच का उघडली? माझं कपाटही भांडणाशिवाय उघडलं नाही, त्याबद्दल मला विचारा, मी सांगेन. पण आधी तुम्ही सांगा. रविवारी मिस्सा सुटल्यावर मी पायरीवर उभी असते. या आणि माझ्या तोंडावर सांगा.