मानेवरची पाल

लग्न होऊन मी बार्शीहून सोलापुरात आले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझे सासरे गिरणीत मागावर होते. त्यांना मी मामा म्हणायची. माणूस देवमाणूस, पण घरात तोंडाला कुलूप. चहा ठेवू का म्हणून विचारलं तरी उत्तर नाही. आधी वाटलं, आपण पसंत नाही. मग कळलं की सासूबाईंनाही तीच वागणूक आहे, आणि खरं सांगते, मला जरा बरं वाटलं.

वर्षापूर्वी मामांचा धाकटा भाऊ गेला होता. तेच त्यांनी मनाला लावून घेतलंय, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. गिरणीतली मंडळी आली की मात्र मामा ओट्यावर बसून तासभर गप्पा हाणायचे. मग तर आमची खात्रीच पटली. बाहेर बोलतात, घरात मुके, म्हणजे दुखणं मनाचंच. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मामा बसल्या जागी पेंगायला लागले आणि आम्ही म्हणालो, बघा, आजार वाढला. शेवटी त्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. सासूबाईंनी अन्न सोडलं. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पुण्याची चिठ्ठी आणायला मामांना घेऊन आमच्या डॉक्टरांकडं मीच गेले, कारण ह्यांची दिवसपाळी होती. समोर बसवून डॉक्टरांनी चार गोष्टी विचारल्या, मामांनी नीट उत्तरं दिली. मग हात धुवायला डॉक्टर बेसिनकडं वळले आणि तिकडूनच त्यांनी विचारलं, झोप लागते का? मामा गप्प. डॉक्टरांनी वळून पुन्हा तेच विचारलं. लागते की, मामा म्हणाले. डॉक्टर टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळूच मामांच्या पाठीमागं गेले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हलू नका, तुमच्या मानेवर पाल आहे."

मी खुर्चीवरून उडाले. मामा भिंतीवरचं कॅलेंडर बघत शांत बसले होते.

मागांच्या खडखडाटात कान कधी गेले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. तिथं सगळेच ओठ बघून, हातवारे करून बोलतात, म्हणून मित्रांशी त्यांचं छान जमायचं. घरात मी तोंडावर पदर घेऊन पुटपुटणार, सासूबाई चुलीकडं तोंड करून बोलणार. डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. "भाऊ गेल्याचं मला ठाऊक होतं. तिथंच मी थांबलो, पुढं काही बघितलंच नाही," म्हणाले, आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. आपलं चुकलं हे सुनेच्या वयाच्या पोरीला सांगणारा तो माणूस मला तेव्हापासून फार आवडला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई मामांच्या पुढ्यात बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी माझ्यावर रुसलाय."

मामा त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तूच बोलायचं सोडलंस. म्हनून मी बी गप बसत हुतो. म्हटलं, तिला तरास नको."