बारावं पोतं

व्यापाऱ्याच्या गोदामातली ती बारा पोती अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण स्वयंपाकघरातून हळदीचा वास आला की मी थेट वसमत तालुक्यातल्या माझ्या जुन्या ठाण्यात जाऊन बसतो.

सकाळची हजेरी चालू असताना तांड्यावरची एक विधवा बाई फिर्याद घेऊन आली. आदल्या दिवशी अख्खा तांडा लग्नाला गेला होता आणि भरदुपारी तिच्या घरातून हळदीची अकरा पोती गेली होती. दोन हंगामांची हळद तिने विकलीच नव्हती. "भाव वाढायची वाट बघत होतीस काय?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"न्हाई साहेब. आर्धी इकून चक्की घ्यायची, आर्धी दळून पुड्या इकायच्या. मिठालाबी सख्ख्या भावाम्होरं हात पसरून राहिले मी. ते बंद करायचंय."

खरं सांगतो, मला ती थोडी हावरटच वाटली. एवढा माल कुणी उगाच दाबून ठेवतं का? तरी गुन्हा दाखल करून घेतला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यातल्या जवळा बाजारच्या एका हमालाने खबर दिली. एका व्यापाऱ्याने टेम्पोतून हळद उतरवून घेतली, पण काट्यावर चढवलीच नाही. माल न तोलता घेणारा व्यापारी मी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. तिथल्या ठाण्याला कळवून, पंच घेऊन आम्ही गोदामावर गेलो. ताडपत्रीखाली पोती सापडली. हमाल लांब टाके घालून पोतं शिवतात. या पोत्यांची तोंडं मात्र तांड्यावरच्या बायका कपड्यांवर भरतकाम करतात तशा बारीक, घट्ट टाक्यांनी शिवलेली होती. नव्या बारदान्याचे चार पैसे वाचवायला पठ्ठ्याने पोतीही बदलली नव्हती! मोजली तर बारा भरली.

चौकशीत व्यापारी निवांत होता. वर चहा मागितला. फिर्यादीत अकरा पोती आहेत म्हणताच हसला.

"बघा साहेब, तिला इकलेला मालबी बराबर आठवत न्हाई. बाराच्या बारा मी तिच्याकडूनच रोखीनं घेतली, तिच्याच दारात तोलून. आता भाव चढला म्हणून बोंबलून राहिली. लालची बाई हाय."

पावती नव्हती, साक्षीदार नव्हता. तो सुटला असता तर बाईची चक्की तर गेलीच असती, वर खोटी फिर्याद दिल्याचा डाग लागला असता. मी तिला ओळख पटवायला बोलावलं. व्यापारी काय म्हणाला ते मुद्दामच सांगितलं नाही.

तिने एकेका पोत्याच्या शिवणीवरून हात फिरवला. शेवटच्या पोत्यापाशी थांबली.

"हे माजं न्हाई."

"नीट बघ. शिवण तीच आहे."

"शिवण तांड्याची हाय, हात माजा न्हाई. टाके उलटे पडलेत. आमच्या शेजारची म्हातारी डाव्या हातानं शिवती. तिचं हाय, तिला द्या."

म्हातारीला बोलावलं. तिचंही एक पोतं त्याच दुपारी गेलं होतं, पण एका पोत्यासाठी पोलीस काहून येतील म्हणून ती गप्प बसली होती. पंचांसमोर तिच्या हातात दाभण आणि सुतळी दिली. तिने डाव्या हाताने रिकामं पोतं शिवलं. हुबेहूब तेच टाके!

मी व्यापाऱ्यासमोर ते बारावं पोतं आणि म्हातारीने शिवलेलं पोतं ठेवलं. "बाराच्या बारा तिच्याकडूनच घेतली ना?" अर्ध्या तासात त्याने टेम्पोवाल्याच्या नावासकट सगळं कबूल केलं. त्याने आधी देऊ केलेला भाव बाईने नाकारला होता, याचा राग आणि वर फुकटच्या मालाची हाव. त्या दिवशी आमच्या ठाण्यात पेढे वाटले गेले, आणि ते मी वाटले.

कोर्टाच्या हुकमाने माल परत मिळाला. पुढे त्या वाटेने जाताना तिची चक्की चालू दिसली आणि मी जीप थांबवली. तिने हळदीची पुडी हातात ठेवली आणि पैशासाठी हात पुढे केला. माझा शिपाई तिच्यावर डोळे वटारायला लागला.

"साहेबाला फुकट दिलं तर उद्या गावाला काहून न्हाई?" ती म्हणाली.

लोभी माणसाला दुसऱ्याचं बारावं पोतंही हवं असतं. आपल्या पायावर उभं राहू पाहणाऱ्याला आपली अकरा पुरतात, पण त्यातली चिमूटभरही तो सोडत नाही. हा फरक मला वर्दीने नाही, तिने शिकवला. मी पूर्ण पैसे मोजले, आणि लाज वाटण्याऐवजी मला भारी आनंद झाला.